धरण तेच, पाणी जास्त: मन स्वच्छ ठेवणाऱ्या पाच साध्या सवयी



आज तुमच्याशी बोलतोय बेळगोळहून. पत्ता सांगितला की निम्म्या लोकांना बेळगाव ऐकू येतं आणि उरलेल्यांना श्रवणबेळगोळ. दोन्ही नव्हे. म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे निघालात की धरणाच्या थोडं अलीकडे हे बेळगोळ लागतं. आजूबाजूला भात आणि ऊस, कालव्याचं पाणी, आणि म्हैसूर शहराला पाणी पुरवणारी पंपघरं. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथे स्थायिक झालो. साठी उलटली आहे, गुडघे अधूनमधून कुरकुरतात, पण डोकं ठीक चालतं. ते ठीक कसं ठेवायचं, हाच आजचा विषय.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "सर, लक्ष लागत नाही. काय करू?" विचारणारा कधी इंदूरचा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असतो, कधी बडोद्यातला बँकेत काम करणारा गृहस्थ, कधी पुण्यातल्या नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई. वय वेगळं, गाव वेगळं, तक्रार एकच. पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो, काय वाचलं ते आठवत नाही. स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो तेच विसरतो. आणि साठीच्या पुढच्या माणसाच्या मनात यामागे एक भीती असते, जी तो उघड बोलत नाही: हे साधं विसरणं आहे, की पुढच्या कशाची तरी सुरुवात?

या भीतीकडे मी शेवटी येणार आहे, ती टाळणार नाही. आधी एक गोष्ट सांगतो.

हे जे कृष्णराजसागर धरण आहे, त्याचं काम १९११ मध्ये सुरू झालं. त्यामागचे अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कर्नाटकात त्यांची पूजा होते, पण त्यांची जडणघडण आपल्या मराठी मुलखात झाली, हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नसतं. अभियांत्रिकी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले, पहिली नेमणूक नाशिकला. पुढे खानदेशात आणि पुण्यात काम केलं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये त्यांनी स्वतः तयार केलेले स्वयंचलित दरवाजे बसवले. मी एनडीएत तीन वर्षं त्याच तलावाकाठी घालवली आहेत, त्यामुळे त्या पाण्याशी माझी जुनी ओळख आहे.

त्या दरवाजांनी काय साधलं? पावसाळ्यात धरण भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. भिंत उंच करायची तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले. ठरलेल्या पातळीपर्यंत ते पाणी अडवतात. पातळी त्यावर गेली की आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. धरण तेच, नदी तीच, पाऊस तोच, पण साठा जास्त. नंतर तसेच दरवाजे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि इथे कृष्णराजसागरावर बसले.

मंडळी, तुमच्याआमच्या लक्षाचं असंच आहे. निसर्गाने दिलेली भिंत आपण उंच करू शकत नाही. ब्राह्मी घ्या, बदाम खा, भिंत तेवढीच राहते. पण दिवसभर जे पाणी फुकट वाहून जातं, ते अडवता येतं. सवय म्हणजे हा दरवाजा. एकदा नीट बसवला की उघडायला-मिटायला रोज वेगळी इच्छाशक्ती लागत नाही. फौजेत आम्हाला हेच शिकवलं. पहाटे पाचला कुणालाही उठावंसं वाटत नसतं. तिथे वाटण्याचा प्रश्नच नसतो, शिट्टी झाली की पाय आपोआप जमिनीवर येतात.

तर पाच दरवाजे. कागद-पेन घ्या.

पहिली सवय: उठण्याची वेळ एकच, आणि उठल्यावर उजेड

झोपायची वेळ थोडी मागेपुढे झाली तर चालेल. उठायची वेळ मात्र सोमवारी आणि रविवारी एकच ठेवा. यामागे शरीरशास्त्र आहे. आपल्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालतं. ते आतून कसं चालतं हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हे घड्याळ अगदी चोवीस तासांचं नसतं, रोज थोडं जुळवून घ्यावं लागतं. जुळवणारी मुख्य किल्ली म्हणजे डोळ्यांत जाणारा सकाळचा उजेड.

म्हणून उठल्यापासून तासाभरात पंधरा-वीस मिनिटं बाहेर या. गच्ची, अंगण, गल्ली, काहीही चालेल. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, फक्त उजेडात असायचं. तुळशीला पाणी घालणं, अंगणात सडा टाकणं, दूध आणायला चालत जाणं, ही आपल्या आज्यांची कामं आठवा. त्यांना त्या पेशींतलं घड्याळ माहीत नव्हतं, पण त्या ते रोज जुळवत होत्या.

दुसरी सवय: आधी शरीर हलवा, मग डोक्याला काम द्या

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं नाव सातारकरांना सांगायला नको. स्वतः चित्रकार, कलासंग्राहक, आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले, आणि १९३८ मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. सूर्यनमस्काराला ना जागा लागते ना पैसा. एक सतरंजी टाकण्याइतकी फरशी पुरते.

इथे म्हैसूरलाही अशीच परंपरा आहे. राजाश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा चालायची. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक किडकिडीत मुलगा, ज्याचं बालपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पोखरलं होतं, तो १९३७ मध्ये पुण्याला योग शिकवायला आला आणि पुणेकरच झाला. ते बी. के. एस. अय्यंगार. २०१४ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी पुण्यातच वारले. दुबळं शरीर ही सबब होऊ शकत नाही, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

तुम्हाला अय्यंगार व्हायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी सांगते ते इतकंच: आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. गुडघे दुखत असतील तर सूर्यनमस्कार सोडा आणि सपाट रस्त्यावर चाला. हृदयविकार असेल, रक्तदाब जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि चालताना फोन खिशात. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की बसून राहण्यापेक्षा चालताना माणसाला नव्या कल्पना जास्त सुचतात. फोनवर बोलत चाललात तर त्या सुचायला जागा कुठे उरणार?

तिसरी सवय: पाच मिनिटांचा संथ श्वास

आपण सहसा मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. रोज पाच मिनिटं तो मिनिटाला सहा वेळांवर आणायचा. कसं? मनात एक ते पाच मोजत नाकाने श्वास घ्या, एक ते पाच मोजत सोडा. कोंडून धरायचा नाही. बस, झालं.

असं केल्याने होतं काय? श्वास आत घेताना हृदय किंचित भरभर धडकतं, सोडताना किंचित सावकाश. श्वास संथ झाला की शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था जास्त काम करू लागते, छातीतली धडधड बसते. फौजेत गोळीबाराच्या सरावाला पहिला धडा श्वासाचाच असतो. श्वास हलला की नेम हलतो. परीक्षेच्या हॉलमध्ये, मुलाखतीच्या दाराशी, घरात वादाला तोंड फुटायच्या बेतात असताना, हाच धडा कामाला येतो. मात्र त्या क्षणी तो आठवायचा असेल तर सराव शांत वेळी झालेला हवा. म्हणून रोज, ठरल्या जागी, पाच मिनिटं. चक्कर आली किंवा घुसमटल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

चौथी सवय: एका वेळी एकच काम, आणि अर्ध्या तासाने विसावा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे एक अडचण आली. रडारवर तासन् तास डोळे लावून बसणारे जवान थोड्या वेळाने पडद्यावरची खूण बघूनही चुकवत होते. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याची तपासणी केली. घड्याळासारखी एक तबकडी, तिच्यावर टकटक पुढे जाणारा काटा. क्वचित तो एकाच वेळी दोन घरं उडी मारायचा, ती उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांची पकड ढिली पडू लागली. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते लोक आळशी नव्हते. माणसाचं लक्ष असंच बनलेलं आहे.

फौजेला हे अनुभवाने माहीत असतं. संत्र्याला रात्रभर एकाच जागी उभं करत नाहीत, दोन तासांनी बदली होते. पण आपण घरी काय करतो? मुलाला सांगतो, "चार तास खुर्चीवरून उठू नकोस." मुलगा उठत नाही, पण त्याचं मन पहिल्या तासातच खिडकीतून बाहेर गेलेलं असतं.

म्हणून असं करा. कामाचे अर्ध्या तासाचे तुकडे पाडा. त्या अर्ध्या तासात एकच काम, आणि फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवलेला फोन किंवा आवाज बंद केलेला फोन मी हिशेबात धरत नाही. अर्धा तास झाला की पाच मिनिटं उठा, पाणी प्या, लांब बघा. पुन्हा बसा.

आणखी एक. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की पहिल्याचा थोडा अंश मनात रेंगाळत राहतो. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावर काम केलं आहे. भांडं न विसळता त्यातच दुसरा चहा टाकावा, तसंच हे. उपाय सोपा आहे. काम मध्येच सोडावं लागलं तर वहीत एक ओळ लिहा: कुठवर आलो, पुढे काय करायचं. फौजेत ड्यूटी सोडताना पुढच्याला सगळं सांगूनच जावं लागतं. ही वही म्हणजे आपण आपल्यालाच दिलेला चार्ज.

पाचवी सवय: झोपेचा मान राखा

"मला पाच तास पुरतात" असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. त्यांना मी एक आकडा सांगतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी मोजून दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादाच ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभर न पिताही माणूस झिंगलेला असतो, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला ते कळत नाही.

प्रौढ माणसाला सात तास तरी हवेत. मी म्हैसूरच्या मुलखात राहतो, इथे कॉफीविरुद्ध बोलणं म्हणजे पंचायत. फिल्टर कॉफी मलाही आवडते. पण कॅफीन शरीरातून निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री दहा-अकराला अंगात जागं असतं. चहाचंही तेच, थोड्या कमी प्रमाणात. म्हणून दुपारी दोननंतर नको. झोपण्याआधी तासभर पडदे बंद: टीव्ही, फोन, सगळं. आणि उद्याची तीन कामं त्याच वहीत लिहून ठेवा. कागदावर उतरली की मनाला रात्रभर पहारा द्यावा लागत नाही.

झाले पाच दरवाजे. आता ती भीती.

माझा एक फौजेतला जुना मित्र. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्याचं लक्ष उडालं. नावं विसरायचा, चारचौघांत बसला की गप्प. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. त्यांनी मनाशी निदान करून टाकलं होतं. मी म्हटलं, आधी डॉक्टर, मग रडू. तपासण्या झाल्या. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी, आणि दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. तो गप्प बसायचा कारण त्याला बोलणंच नीट कळत नव्हतं. त्यात रात्री दोनपर्यंत फोन आणि सकाळी नऊला उठणं. औषध सुरू झालं, कानाला यंत्र लागलं, उठण्याची वेळ ठरली. काही महिन्यांनी त्याचा फोन आला आणि पहिल्या मिनिटातच माझ्याशी भांडला. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

म्हणून सांगतो, विसरायला होतंय तर स्वतः निदान करू नका. बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब, कान, डोळे, चालू असलेली औषधं, मनाची उदासी, हे सगळं डॉक्टरांकडून बघून घ्या. आपल्यातल्या शाकाहारी लोकांनी तर बी-१२ जरूर तपासावं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली. ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा ही त्यांतली काही. या सगळ्यांकडे लक्ष दिलं तर जवळपास पंचेचाळीस टक्के रुग्णांचा आजार टाळता येईल किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे.

पण उरलेल्या पंचावन्न टक्क्यांचं काय, हेही विचारलं पाहिजे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बेळगावात असते. आयुष्यभर लवकर उठली, चालली, वाचत राहिली, माणसांत राहिली. तरी तिला हा आजार झालाच. तेव्हा कुणी तुम्हाला सांगेल की अमुक सवय लावा, तमुक होणारच नाही, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि आजारी माणसाला "तू नीट वागली नाहीस म्हणून झालं" असं तर कधीच म्हणू नका.

मग सवयींचा उपयोग काय? तो मी अक्काच्या घरी पाहिला. तिला आता माझं नाव आठवत नाही. पण सकाळी सातला तांब्या हातात दिला की ती तुळशीपाशी जाते, पाणी घालते, हात जोडते. त्यानंतरचा तासभर ती शांत असते, आणि त्या तासात माझी भाची आपला चहा निवांत पिते. ज्या दिवशी वेळा मोडतात, त्या दिवशी दोघींचे हाल होतात. साठ वर्षांची सवय, माणूस स्वतःला विसरल्यावरही त्याला हात देते. सवयी आजार रोखतीलच असं नाही, पण कठीण दिवसांत घराला टेकू मात्र देतात. तो टेकू आज लावायचा असतो, गरज पडेल त्या दिवशी नव्हे.

आणि मन फारच खचलं असेल, दोन-दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर ती शिस्तीची कमतरता समजू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू. तिथे मराठीतही बोलता येतं. फौजेत जखमी सैनिक मदत मागतो तेव्हा त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

निवृत्त मित्रांसाठी एक शेवटची आठवण. विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी १९०८ मध्ये स्वेच्छेने सोडली. हे धरण त्यानंतरचं. म्हैसूरचं दिवाणपद त्यानंतरचं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९५१ मध्ये आलं, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. १९६२ मध्ये ते वारले ते शंभरी ओलांडून. सगळ्यांना एवढं आयुष्य मिळत नाही. पण निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे जायचं आहे, हे ठरवणं प्रत्येकाच्या हातात आहे. शेजारच्या मुलांना गणित शिकवा, वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस बसा, परसात चार वांगी लावा. ज्याची कुणीतरी वाट बघतंय, त्याला जाग आपोआप येते.

आता गृहपाठ. पाचही सवयी उद्यापासून सुरू करू नका. फौजेतही पहिल्याच दिवशी वीस किलोमीटर पळवत नाहीत. एकच निवडा, आणि शक्यतो पहिली निवडा: उठण्याची एक वेळ आणि वीस मिनिटं उजेड. तीन आठवडे करा. कॅलेंडरवर रोज एक रेघ ओढा. एखादा दिवस चुकला तर हरकत नाही, सलग दोन चुकू देऊ नका. तीन आठवड्यांनी दुसरी जोडा. दिवाळीपर्यंत, गणपतीपर्यंत, जो सण जवळ असेल तोपर्यंत पाचही दरवाजे बसलेले असतील.

मग मला कळवा, कोणता दरवाजा सोपा गेला आणि कोणता कुरकुरतोय. कुरकुरणाऱ्याला तेल कसं घालायचं, ते पुढच्या भागात बघू.

काळजी घ्या. जय हिंद!